वस्तादाच्या वह्या आणि न टिकणारी पोरं

चोपड्याची लेक (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. चोपड्याला माझ्या वडिलांचं मोटर वाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नव्यानं तार भरायचं, दुकान आहे. गाव त्यांना आप्पा म्हणतं, मीही आप्पाच म्हणते. वय सत्तरीपार. उन्हाळ्यात केळीवाल्यांच्या सबमर्सिबल, म्हणजे बोअरच्या पाण्यात बुडवायच्या मोटरी, दुकानाबाहेर ओळीनं आडव्या पडलेल्या असतात आणि आत आप्पा एकटे. हाताखालचा शेवटचा हेल्पर वाळूजला कंपनीत लागला. त्यानंतर जे आले ते टिकले नाहीत.

दुकानात फडक्यात बांधलेल्या वह्या आहेत. आलेल्या प्रत्येक मोटरीचा एचपी, स्लॉट म्हणजे कॉइल बसायच्या खाचा किती, एका कॉइलला वेढे किती, तार कितीची, पिच म्हणजे कॉइलीच्या दोन बाजूंत स्लॉट किती, जोडणी स्टार की डेल्टा, सगळं पेन्सिलीनं लिहिलेलं. पाटी गेलेली किंवा आधी कुणीतरी चुकीची भरलेली मोटर आली की आप्पा जुनी वही काढतात. मी म्हटलं, फोटो काढून एक्सेलमध्ये भरते. तर म्हणे, "वही वाचीसन कोनी वाइंडर व्हत नही. पोऱ्या आन, मंग वही देसू."

तर विचारायचं हे, की लेथ, वाइंडिंग, इंजिन, गॅरेज, कुठलंही काम असो, तुमच्या भागात पोरं शिकायला येतात का? आणि आली तर टिकतात कशानं? दुकान विका, आप्पांना पुण्याला आणा, हे सल्ले घरात देऊन झालेत, ते इथे नकोत.

रावेरवाला
येतात की. मोबाइलचा हप्ता फिटेपर्यंत येतात.

केळीबाग
+१. आमच्याकडे मोटर काढायचा ट्रायपॉड लावणारी पोरं मिळतात, मोटर खोलणारी मिळत नाहीत. बोअरमधून पाइप ओढायचे रोख पैसे लगेच मिळतात, वाइंडिंग शिकायला वर्षं जातात. कोण थांबेल?

जुना फिटर
भुसावळच्या रेल्वे शेडमधून निवृत्त. आमच्यात ठरवून कुणी शिकवलं नाही, पण शिकल्याशिवाय कुणी राहिलंही नाही. नवा पोरगा गँगला लागला की आधी फक्त पाने पुसायचा आणि द्यायचा. काम हलकं वाटतं. पण फिटर खाली झोपलेला, त्याचा हात तेवढा बाहेर. तो मागायच्या आत पुढचा पाना त्या हातात गेला पाहिजे, म्हणजे पुढं काय खोलणार ते पोराच्या डोक्यात आधी आलं पाहिजे. चुकीचा पाना गेला की तो अंगावर परत यायचा. पाऊस संपेस्तोवर पोराला खोलायचा अख्खा क्रम पाठ.

मग कान. स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर आणि मूठ कानामागच्या हाडाला. कोरडं बेअरिंग चिरचिरतं. खड्डा पडलेलं ठरल्या अंतरानं टकटकतं. हे सांगून कळत नाही, चांगलं आणि वाईट दोन्ही शेजारी शेजारी ऐकवावं लागतं. आता व्हायब्रेशन मीटर आलेत, ते उत्तमच आहेत. कान सगळ्यांचे सारखे नसतात आणि म्हातारपणी राहतही नाहीत, मी स्वतः आता टीव्ही मोठ्यानं लावतो.

ताई, आप्पांचं बरोबर आहे असं माझं मत. वही हाताला लागते ती दुसऱ्या वर्षी.

सरळसोट
वस्ताद म्हणजे देवमाणूस, अशा प्रतिसादांची रांग लागायच्या आत बोलून घेतो.

मी धुळ्यात लेथवर शिकलो. आटे पाडायचे गियर बदलायची वेळ आली की वस्ताद हमखास मला चहाला पिटाळायचा. किटली घेऊन यावं तर झाकण बंद आणि मशीन चालू. नाहीतर माझ्याकडे पाठ करून उभा. आमच्या लेथच्या लीड स्क्रूला, म्हणजे आटे पाडताना टूल सरकवणाऱ्या लांब स्क्रूला, इंचाला ४ आटे. इंची पाइपाला लागतात इंचाला ११. म्हणजे चाळीस दात्यांचा गियर फिरवणारा आणि एकशे दहाचा फिरणारा. झालं! एवढं सांगायला याला काय झालं होतं?

मिलिमीटरचे आटे इंची लेथवर पाडायचे तर १२७ दात्यांचा गियर लागतो, कारण इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर आणि त्याला पाचनं गुणलं की १२७. तो गियर कपाटात कुलपात. पुढं आयटीआयला गेलो तर हे सगळं पुस्तकात छापलेलं निघालं. जे खरं अवघड होतं, टूलला धार लावताना मनगट कसं धरायचं, ते मात्र त्याला लपवता आलं नाही, कारण ग्राइंडर दाराशीच होता.

तेव्हा पोरं टिकत नाहीत म्हणून गळे काढणाऱ्यांनी आधी कपाटं उघडावीत. धागाकर्तीनं मनावर घेऊ नये. पण "पोऱ्या आण मग वही देतो" हेही कपाटच आहे.

टपरीवाला इंजिनिअर
वस्तादानं चहाला पाठवून पाठवून आमच्या गावातल्या एकाला चहातलंच सगळं शिकवलं. त्याची बसस्टँडवर टपरी आहे. वस्ताद तिथे उधारीवर पितो.

जुना फिटर
सरळसोट, लपवणारे होते, मान्य. पण त्याच्याकडे पेन्शन नव्हती हेही बघ. रेल्वेत माझा पगार ठरलेला, पोरगा माझ्यापेक्षा हुशार निघाला तरी माझी भाकरी जात नव्हती, म्हणून मी मोकळ्या हातानं सांगितलं. गल्लीतल्या मिस्त्रीनं गियर सांगितला की सहा महिन्यांत समोरच्या गाळ्यात दुसरा लेथ.

सरळसोट
काका, समोरच्या गाळ्यात लेथ टाकला तो मीच. :)

प्राची एमआयडीसी
जळगावला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. डिग्री इलेक्ट्रिकलची, पण जळालेली मोटर वाचायला मला एका वाइंडरकाकांनी शिकवलं. स्टार जोडणीच्या मोटरीचा एक फेज गेला तर दोन फेजच्या कॉइली कोळसा होतात आणि तिसऱ्याच्या तांबूस तशाच राहतात. डेल्टात उलट, एक जळतो, दोन वाचतात. सगळं सारखं काळं असेल तर ओव्हरलोड किंवा कमी व्होल्टेज. एकाच जागी भोक पडल्यासारखं जळालं असेल तर तिथंच तार सोललेली होती. म्हणजे मोटर भरून द्यायच्या आधी ती का जळली ते शेतकऱ्याला सांगता येतं, नाहीतर पंधरवड्यात परत येते.

पण वस्तादांची एक सवय पुढच्या पिढीनं घेऊ नये. जुनं वाइंडिंग सुटावं म्हणून स्टेटर, म्हणजे वाइंडिंग असतं तो मोटरीचा न फिरणारा भाग, उघड्या जाळात टाकतात. त्यात पत्र्यापत्र्यांमधलं इन्सुलेशन जातं, लोखंडातला तोटा वाढतो आणि मोटर नुसती फिरवली तरी तापते. भट्टीत साधारण ३५० अंशांच्या आसपास ताबा ठेवून हे करायला हवं. परंपरेत आलेलं सगळंच जपायचं नसतं.

यावलकर
प्राचीताई, मुद्दा बरोबर, पण सबमर्सिबलला जाळावं लागतच नाही. आत पाणी भरलेलं असतं, वार्निश नसतं, तारेवर प्लॅस्टिकचं वेष्टन. कापून ओढली की निघते. तुम्ही म्हणता ते मोनोब्लॉकचं, जमिनीवर बसणाऱ्या पंप-मोटरीचं.

आणि मे महिन्यात बाग वाळत असताना मोटर संध्याकाळी आणून सकाळी मागणारा शेतकरी समोर बसलेला असतो. भट्टीचे तास तो मोजत नाही, त्याच्या डोळ्यासमोर घड आलेली झाडं असतात. तालुक्याच्या दुकानात भट्टी आणायचे पैसे कुठून येणार तेही सांगा.

प्राची एमआयडीसी
सबमर्सिबलचं मान्य. भट्टीचं नाही. तीन-चार दुकानदारांनी मिळून एक घेता येते. पण मिस्त्री लोक मिळून इन्सुलेशन तपासायचा एक मेगर घेत नाहीत, भट्टी कुठली घेणार.

पारोळ्याचा भरीतवाला
अवांतर होईल, पण धागा वाचून आजोबा आठवले. आमच्याकडे लोहारकी होती, गाडीच्या चाकाला धाव चढवायचं काम. धावेचं कडं चाकापेक्षा किंचित लहान करायचं, गोवऱ्यांच्या आरात लाल करायचं, तिघांनी सांडशीनं उचलून चाकावर बसवायचं आणि लगेच पाणी. लाकूड कुरकुरत आवळायचं. किंचित म्हणजे किती? आजोबा कड्याच्या आत आणि चाकाच्या बाहेर तेच फिरकीचं चकतं फिरवायचे, वेढे मोजायचे, आणि फरक अंगठ्यानं दाखवायचे. चाक सुकं असेल तर एक अंगठा, ओलं असेल तर दुसरा. वडिलांनी शिकून घेतलं. माझ्यापर्यंत येईस्तोवर बैलगाड्यांनाच टायर लागले.

काम झालं की त्याच आरात वांगी टाकायची. भरितासाठी गॅसवर वांगं भाजणाऱ्यांशी मी बोलत नाही.

जुना फिटर
अरे वा! आमच्या इंजिनाच्या चाकावर टायर चढवायचा तो ह्याच विद्येनं. चाकाचं मधलं अंग वेगळं आणि पोलादी टायर वेगळा, तो तापवून बसवायचा. पोलाद दर अंशाला मीटरमागे मिलिमीटरचा साधारण शंभरावा भाग फुगतं, थोडं जास्तच. मीटरभर व्यासाचा टायर २५० अंशांनी तापवला की ३ मिलिमीटर मोठा होतो. थंड झाला की धरतो. तुझ्या आजोबांचा अंगठा आमच्याकडे मायक्रोमीटर झाला इतकंच.

मात्र हे बघून काही पोरं बेअरिंगवर गॅसची ज्योत मारतात. ते करू नका रे. बेअरिंग तेलात गरम करा, ११०-१२० अंशांवर थांबा. त्यापुढं त्याचं पाणी उतरतं, म्हणजे कडकपणा जातो.

केळीबाग
भरीत आलं, आता धागा दोनशे प्रतिसाद ओलांडणार. कळण्याची भाकरी कुणी आणतंय का?

अभ्यासू नंदुरबारी
सरकारी बाजूनं थोडं. पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. प्रशिक्षणात रोज ५०० रुपये आणि अवजारांसाठी १५,००० रुपये मिळतात. पण यादीत १८ व्यवसाय आहेत, त्यात लोहार, सुतार, कुलूपवाले आहेत, मोटर वाइंडर आणि लेथवाले नाहीत. भरीतवाल्यांच्या आजोबांना योजना लागू, आप्पांना नाही.

१९६१ चा अॅप्रेंटिस कायदा आहे, त्यात पोराला स्टायपेंड मिळतो. पण चारपेक्षा कमी माणसांचं दुकान त्यात बसत नाही. आणि पूर्वीसारखा दहा-बारा वर्षांचा पोऱ्या हाताखाली घेणं कायद्यानं बंद आहे, चौदाखालचा तर नाहीच. ते बंद झालं ते बरंच झालं. पण मग अठराव्या वर्षी येणाऱ्या मुलाला पहिल्या दिवसापासून पैसे हवे असतात, आणि ते हवेतच. वस्ताद अजून "आम्ही फुकट राबलो" यातून बाहेर येत नाहीत.

शिरपूरचा वायरमन
मी आयटीआयला दुसऱ्या वर्षाला आहे. इथे सगळे आमच्याबद्दल बोलताहेत म्हणून लिहितो.

आम्हाला शिकायचं नाही असं नाही. आमच्या वर्गात वाइंडिंगचं प्रात्यक्षिक झालं, पण एका स्टेटरभोवती अख्खी बॅच. मला हात लावायला मिळाला तो वेढे मोजण्यापुरता. मग मी व्हिडिओ बघून घरचा जुना पंखा भरला. फिरला, पण उलटा. गावातल्या मिस्त्रींकडे गेलो तर म्हणे व्हिडिओवालाच बोलव आता.

दुसरं म्हणजे घरचं. दुकानात बसलो तर वडील म्हणतात पुण्याला जा, चाकणला गेलास तर स्थळं येतील. मिस्त्रीला मुलगी कुणी देत नाही, हे आमच्याकडे उघड बोलतात. मिस्त्री महिन्याला कंपनीतल्या पोरापेक्षा जास्त कमावत असला तरी. त्याच्याकडे ओळखपत्र नसतं गळ्यात घालायला.

सूतभर
शिरपूरकर, पंखा उलटा फिरला म्हणजे स्टार्टिंग किंवा रनिंग, दोनपैकी एका वाइंडिंगची टोकं उलटी जोडली गेली. दुरुस्त करायला पाच मिनिटं. वेढे बरोबर पडलेत, ते काम चांगलं झालंय तुमचं.

शिरपूरचा वायरमन
धन्यवाद दादा. झाला सुलटा. आई म्हणते आधी पण वारा येतच होता, वर.

गॅरेज अमळनेर
दुचाकीचं सांगतो. आमच्याकडे गंगा उलटी वाहते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या नियमांच्या, गाड्या आल्या, कार्ब्युरेटर गेला, इंजेक्शन आलं. मी वीस वर्षं कानानं ट्यूनिंग केलं, हवेचा स्क्रू पाव आटा इकडे, पाव आटा तिकडे. आता स्कॅनर लावल्याशिवाय गाडी काही सांगत नाही, आणि स्कॅनर माझा पोरगाच वाचतो. त्यानं मला शिकवलं, मीही शिकलो, लाज कसली?

पण परवा एका गाडीला स्कॅनर सेन्सर खराब दाखवत होता. पोरगा सेन्सर मागवायला निघाला. मी वायर हलवून बघितली, उंदरानं कुरतडलेली. आता आमचं ठरलंय, स्कॅनर त्यानं लावायचा आणि सुटा भाग मागवायच्या आधी मला विचारायचं. भांडणं तरी होतातच.

मंगला ताई जळगाव
सगळं वाचलं. चोपड्याची लेक, तुला राग येईल पण विचारते. आप्पा "पोऱ्या आण" म्हणतात. तू त्याच दुकानात वाढलीस ना? तुला का नाही शिकवलं?

चोपड्याची लेक
राग नाही, पण हा प्रश्न मलाही कुणी कधी विचारला नव्हता.

शिकवलं नाही असं नाही. शाळेतून आले की स्लॉटचा कागद कापून द्यायचे, कॉइल गुंडाळायच्या साच्यावर वेढे मोजायचे. छत्तीस स्लॉट, चार पोल म्हटलं की कॉइल कुठून कुठल्या स्लॉटात ते १-८, १-१०, १-१२ आजही तोंडात येतं. सबमर्सिबलची तार ओढताना एक जण आतून ढकलतो आणि एक बाहेरून घेतो, कडेला घासली तर वेष्टन सोलतं. ती बाहेरून घ्यायचे ती मीच. वहीतल्या मधल्या काही पानांवर अक्षर माझं आहे. पण दहावी झाली आणि गिऱ्हाईकं बसलेली असतात म्हणून दुकानात येणं बंद. भाऊ नाही मला. तरी माझं नाव कधी निघालं नाही, आणि मीही काढलं नाही. मला बाहेर शिकायचं होतं, ते मी शिकले, त्याची खंत नाही. पण "कुणीच नाही" असं आप्पा म्हणतात तेव्हा मी समोर बसलेली असते.

मंगला ताई जळगाव
_प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे)_

प्राची एमआयडीसी
ताई, वरच्या प्रतिसादाला दंडवत. एक्सेल तुम्ही नाही भरायचं तर कुणी भरायचं? आप्पांना न विचारता भरा.

जिनिंगवाला
उशिरा आलो. आमचा धंदा दिवाळीनंतरचा. रोलर जिनला चामड्याच्या रोलरवर खाचा पाडायच्या आणि दोन सुऱ्यांमधलं अंतर बसवायचं, ह्यावर सरकीला रुई चिकटून जाते की साफ निघते ते ठरतं. हे सेटिंग करणारे फिटर मोजके. आम्ही हंगामात त्यांना गाडी पाठवून आणतो, जेवायला शेवभाजी, वर तर्री. त्यांच्यासोबत येणारा पोरगा दरवर्षी नवीन असतो.

सूतभर
मूळ प्रश्नाचं उत्तर कुणी दिलेलं नाही, टिकतात कशानं. सावद्याला माझं वाइंडिंगचंच दुकान आहे, आणि माझ्याकडे दोन पोरं टिकली आहेत. काय करतो ते सांगतो, पटलं तर घ्या.

पहिलं, आल्या दिवशी सबमर्सिबल देत नाही. छताचे पंखे त्यांचे. पंख्याची मजुरी पूर्ण त्यांची, तार माझी. पंखा बिघडला तर माझं फार जात नाही आणि चार पैसे लगेच हातात पडतात.

दुसरं, जळकं तांबं. भंगारात त्याला भाव असतो आणि प्रत्येक दुकानात ते मालक गुपचूप विकतो. पोरांना ते दिसतं, बोलत नाहीत. मी त्यात त्यांचा वाटा ठरवून दिला. त्या दिवसापासून तार कापताना सांभाळून कापायला लागले.

तिसरं, गिऱ्हाइकाशी बोलायला त्यांना पुढे करतो. मोटर का जळाली ते पोरगा सांगणार, मी मागून ऐकणार. शेतकरी एकदा त्याला "मिस्त्री" म्हणाला की तो पोरगा वर्षभर कुठं जात नाही.

चहाला मी स्वतः जातो. गुडघ्यांना चालणं बरं म्हणून.

सरळसोट
सावदेकर, तुमच्याकडे शिकलो असतो तर समोर गाळा टाकला नसता. शेजारी टाकला असता.

यावलकर
तांब्याचा वाटा हे पहिल्यांदा ऐकलं. आमच्या मिस्त्रींना वाचून दाखवतो. ऐकून फोन ठेवतील.

शिरपूरचा वायरमन
लेकताई, दिवाळीच्या सुट्टीत आप्पांकडे आलो तर चालेल का? पैशाचं बोलत नाही. मला सबमर्सिबल भरताना बघायची आहे.

चोपड्याची लेक
आप्पांना फोनवर सगळा धागा वाचून दाखवला. कपाटाच्या मुद्द्यावर बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, त्या धुळ्याच्या पोऱ्याला सांग, माझ्या वस्तादानं मला बाजारात भाजी आणायला पाठवलं होतं, चहा बराच म्हणायचा. जाळाच्या मुद्द्यावर प्राचीशी त्यांना भांडायचं आहे, नंबर मागताहेत. तांब्याच्या मुद्द्यावर ऐकू आलं नाही म्हणाले.

शिरपूरकर, ये म्हणतात. पैशाचं तू बोलला नाहीस तरी मी बोलले: पंखे तुझे, सावदा पद्धतीनं. येताना स्वतःचा मायक्रोमीटर आण, त्यांचा ते कुणाला देत नाहीत. आणि मीही त्याच आठवड्यात घरी आहे. वह्या मी भरायला घेतल्यात, आईनं फोटो काढून पाठवलेत. आप्पांना माहीत आहे, माहीत नसल्यासारखं करतात.

नवा मेंबर एरंडोल
नमस्कार, धागा कशाचा आहे पूर्ण वाचला नाही. माझी ५ एचपीची मोनोब्लॉक नुकतीच भरून आणली. अर्धा तास चालते आणि ट्रिप होते. मिस्त्री म्हणतो लाइट खराब, वायरमन म्हणतो मिस्त्री खराब. आप्पांना विचारता का?

केळीबाग
झालं, दुकान उघडलं.

चोपड्याची लेक
विचारलं. आप्पा सांगतात तसंच लिहिते. टोंगमीटरनं, म्हणजे वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजायच्या मीटरनं, तिन्ही वायरींचा करंट मोज. तिन्ही सारखे आणि जास्त असतील तर व्होल्टेज बघ. व्होल्टेज ८० टक्क्यांवर आलं की मोटरीची ओढ ६४ टक्क्यांवर येते, मग ती करंट जास्त खाते आणि तापते. व्होल्टेज ठीक असेल तर पंप हातानं फिरवून बघ, जाम असेल.

एकाच वायरीत करंट जास्त असेल तर स्विच बंद करून तिन्ही वायरी एकेक घर पुढे सरकव. तिन्ही, दोनच बदलल्या तर उलटी फिरेल. मग पुन्हा मोज. जास्त करंट लाइनच्या त्याच फेजवर राहिला तर वायरमनला बोलव. मोटरीच्या त्याच वायरीबरोबर सरकला तर मिस्त्रीकडे घेऊन जा. तोपर्यंत स्टार्टरचा रिले, म्हणजे जास्त करंटला मोटर बंद करणारा भाग, वाढवून चालवू नको.

आणि वाइंडिंग कुणाकडून केलं ते विचारताहेत. ते मी इथे लिहू देणार नाही.

नवा मेंबर एरंडोल
धन्यवाद. टोंगमीटर नाही माझ्याकडे.

सूतभर
वायरमनकडे असतो. मोजताना शेजारी उभे राहा, चहाला जाऊ नका.